मामाचा तिसरा गेर

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी
मध्येच कुठंतरी हात सोडून द्यायची.
इंजिन ओरडायचं, चाक ऐकायचं नाही,
आणि देवणीच्या बाजाराला निघालेला मी
पोत्यातली वजनं सांभाळत
उतारावर नुसताच घरंगळायचो.

काटे दुरुस्त करतो मी. तराजू, मापं, वजनं.
केसभर फरक म्हणजे काय, ते मला ठाऊक.
तरी तीन महिने बुलेटला शिव्या घातल्या,
क्लचची तार बदलली, ऑइल बदललं.
बिदर रोडच्या एका शहाण्यानं तर
अख्खा गेरबॉक्सच भंगारात काढला होता.

मन्नाननं तसलं काही केलं नाही.
उदगीरला मोंढ्याच्या मागं, लिंबाखाली त्याचं दुकान.
दुकान म्हणजे एक पेटी, दोन विटा
आणि टायरवर बसून चहा पिणारी चार माणसं,
ज्यांच्यातल्या एकाचीही गाडी तिथं नसते.
म्हणाला, "चालवून दावू नका. नुसतं बसा.
डोळे मिटा. आता टाका."
टाकला.
"गेर पडंना गेलाय म्हणता,
पर पहिला तर लोण्यावानी पडायलाय की."

मग तय्यबला हाक. किक काढली, गेरचा दांडा काढला,
झाकणाचे पाच स्क्रू विटेवर मांडले,
निघाले त्याच क्रमानं.
आत ग्रीस, कारखान्याच्या मळीसारखं.
त्यात बोट घालून त्यानं आधी कुत्रं चाचपलं,
रॅचेटचा दात धरतं ते.
"कुत्रं चांगलंय. स्प्रिंग बी जित्ती हाय."
फडक्यानं पुसत पुसत
दोन बोल्टांत धरलेल्या एका प्लेटपाशी थांबला.
बराच वेळ.
चहावालेसुद्धा गप्प झाले.

"ही सरकली न्हाई," तो म्हणाला. "सरकवलीय.
कुणीतरी बसून, निवांत.
पहिला नुसता शिवला की पडावा
म्हणून तिसऱ्याच्या ताटातलं काढून घेतलंय.
किसके पाव की है ये गाडी?"

बसलिंगमामाची.
लाइनमन. अख्खं देवणी त्याला 'दुसरा गेर' म्हणायचं.
बैलगाड्या त्याला ओलांडून जायच्या
आणि आम्ही पोरं मागून टाळ्या वाजवायचो.
लग्नाकार्यातही बूट काढायचा नाही,
पंगत टाळून उभ्यानं जेवायचा.
लोक म्हणत, साहेब झालाय.
गेला तेव्हा पाय मी धुतले.
उजव्याला दोनच बोटं. करंगळी आणि तिची शेजारीण.
बाकीची कुठल्या खांबाखाली, कुठल्या साली,
मामीनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मन्नानला एवढंच म्हटलं,
त्यांना अंगठा नव्हता.
त्यानं मान हलवली,
जसा मी एखाद्या पार्टचा नंबर सांगितला.
"मग हिशोब बराबर हाय त्यांचा.
पहिला वर उचलायला अंगठाच लागतो."

खिशातून खिळा काढून
प्लेटच्या कडेनं त्यानं एक बारीक रेघ मारली.
"ऱ्हाऊ द्या. इथं व्हती म्हणून."
मग बोल्ट सैल केले आणि सरकवली.
किती, ते मी सवयीनं डोळ्यानं मोजलं.
वजन असतं तर
गुंजेच्या आतच भरलं असतं.

एकशे ऐंशी रुपये. चहाचे वेगळे,
चौघांच्या चहाचेही.

तोंडारच्या पुढं तिसरा पडला.
खट्.
गाडीनं मान पुढं काढली
आणि मामानं या रस्त्यावर कधीच न पाहिलेल्या वेगानं
लाइनीचे खांब मागं जाऊ लागले.
मी एकेकाच्या बुडाकडं बघत होतो.
चौथा काही टाकला नाही.

पहिला मात्र आता जड जातो.
दांड्याखाली अंगठा घालून, जोर लावून
उचलावा लागतो दर थांब्याला, दर बाजाराला.
चपलेतल्या अंगठ्यावर, नखाच्या मुळाशी,
घट्टा पडायलाय.